बालेवाडीचे पाच हंगाम

२०१५ साल उजाडलं तेव्हा पुणे जिल्ह्यात फुटबॉलचे तीन व्यावसायिक क्लब नांदत होते. पुणे एफसी आणि नवाकोरा भारत एफसी आय-लीगमध्ये, आणि इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम नुकताच आटोपलेला एफसी पुणे सिटी. तिघांचंही मैदान एकच, बालेवाडी. पुढच्या आय-लीगला डीएसके शिवाजियन्सलाही थेट प्रवेश मिळाला. एवढी श्रीमंती आणि ती फक्त चार-पाच वर्षांची. भारत एफसी एकच हंगाम खेळून बंद झाला, पुणे एफसीनं त्याच वर्षी गाशा गुंडाळला, शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे सिटीही गेला. आज देशातल्या वरच्या दोन्ही लीगमध्ये पुण्याचा संघ नाही.

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला याचं काय, असं कुणी विचारेल. या दोन तालुक्यांत खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. पण पुण्यात शिकायला गेलेली, कर्वेनगर-वारज्याला कॉट बेसिसवर राहणारी, चाकण-रांजणगावला कामाला लागलेली आमच्याकडची पोरं बालेवाडीला जायची. बारामतीहून थेट जायचं तर विनाथांबा गाडीनं स्वारगेट, तिथून पीएमटी बदलत बालेवाडी. सामना रात्री आठचा असला तर परतीची एसटी मिळायची नाही; कुणाच्या तरी खोलीवर सतरंजी पसरायची आणि पहाटेची गाडी धरायची. इंदापूरकरांचे हाल त्याहून जास्त. भिगवण, पाटस, यवत, लोणी काळभोर असा सगळा सोलापूर रस्ता मागं टाकून ते यायचे.

या दोन तालुक्यांचं आपसात किती जमतं ते जिल्ह्याला ठाऊक आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आधी बारामतीत, मग इंदापुरात. त्यामुळे टेलच्या गावांचं गाऱ्हाणं कायमचं. खडकवासल्याच्या कालव्याचं शेवटचं टोकही इंदापुरातच आणि तिथं वरचा वाटेकरी खुद्द पुणे शहर. आमच्यातला एक इंदापूरकर म्हणायचाच, "वर्षभर आमचं पाणी ही पुण्याची माणसं पिणार, आणि आम्ही यांच्यासाठी घसा कोरडा करायचा?" तरी करायचा. कारण समोर मुंबई सिटीचा संघ असायचा. मुंबई समोर आली की बारामती, इंदापूर, कोथरूड, पिंपरी सगळे एका बाजूला. एरवी ऊसदरावरून हमरीतुमरीवर येणारे दोघे खांद्याला खांदा लावून रणबीर कपूरच्या संघाला शिव्या घालताना मी पाहिलेत. हृतिक रोशन सहमालक असलेल्या पुणे सिटीनं रणबीर सहमालक असलेल्या मुंबईला हरवावं म्हणून भवानीनगरच्या ऊसवाल्याचा जीव खालीवर व्हावा, हा विनोदच होता. पण त्यातली चुरस खोटी नव्हती.

सुरुवात मात्र नामुष्कीची झाली. १८ ऑक्टोबर २०१४, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महाराष्ट्रातल्या दोन संघांची लीगमधली पहिली गाठ. मुंबईनं पाच गोल मारले, पुण्यानं शून्य. आंद्रे मॉरित्झची हॅट्‌ट्रिक ही त्या लीगच्या इतिहासातली पहिली. पुण्याकडं डेव्हिड त्रेझेगे होता. १९९८ मध्ये फ्रान्सबरोबर विश्वचषक जिंकलेला आणि २००० च्या युरो अंतिम सामन्यात गोल्डन गोल मारून चषक खेचून आणणारा. पण इथं आला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. त्याच्या पायाला चेंडू लागला की स्टेडियम उभं राहायचं आणि चेंडू गेला की बसायचं. पुढच्या वर्षी रोमानियाचा आद्रियन मुटू आला, त्याच्या पुढच्या वर्षी आइसलंडचा गुडयॉन्सन जाहीर झाला, तो हंगामाआधीच दुखापतीनं बाद झाला आणि त्याच्या जागी सिसोको आला. पाठीराख्यांचं यावरचं मत सरळ होतं: पोस्टरवर नाव मोठं आणि मधल्या फळीत भगदाड. २०१४ मध्ये सहावे, २०१५ मध्ये सातवे, २०१६ मध्ये पुन्हा सहावे. लीगमध्ये आठच संघ होते, हे लक्षात घ्या. एक समाधान २०१५ च्या पहिल्याच सामन्यात मिळालं. बालेवाडीत मुंबईला ३-१ हरवलं, त्यात तुर्कस्तानच्या तुन्जायचे दोन गोल. त्या एका निकालावर अनेकांनी अख्खा हंगाम माफ केला. मी नाही केला.

बालेवाडीत दुसराही एक गट होता, जुन्या पुणे एफसीवाल्यांचा. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहानं काढलेला तो क्लब दुसऱ्या श्रेणीतून वर आला, डेरिक परेरांच्या हाताखाली २००९-१० च्या आपल्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ उपविजेता ठरला. ना नटनट्या, ना आतषबाजी. स्टँडमध्ये गर्दी बेताची, पण येणारा प्रत्येकजण खेळ समजून घेणारा. त्यांना पुणे सिटी हा बडेजाव वाटायचा आणि आपला क्लब या झगमगाटापायी बुडाला असं ते उघड म्हणायचे. त्यांचा राग मला पूर्ण पटत नाही, कारण पुणे एफसीच्या मालकांनी हात आखडता घेतला त्याला सुपर लीग एकटी कारण नव्हती. पण एका गोष्टीत ते शंभर टक्के बरोबर होते. पुणे सिटीला मिळालेला सर्वांत चांगला घरचा खेळाडू, मलप्पुरमचा आशिक कुरुनियन, जुन्या पुणे एफसीच्या अकादमीत घडला होता. ती अकादमी पुढे पुणे सिटीनं घेतली. २०१९ च्या जानेवारीत आशियाई चषकात भारतानं थायलंडला ४-१ हरवलं तेव्हा आशिक त्या संघात होता.

मग आला २०१७-१८ चा हंगाम, आणि पाचांपैकी बोलण्यासारखा हा एकच. प्रशिक्षक अंतोनिओ हबास हंगामाच्या तोंडावर सोडून गेले, घाईघाईत सर्बियाचे रांको पोपोविच आले. संघ वाऱ्यावर सुटणार असं जो तो म्हणत होता. पण तोवर दिल्लीहून मार्सेलिन्यो आणि गुवाहाटीच्या संघातून एमिलियानो अल्फारो आणला होता. एक ब्राझीलचा, एक उरुग्वेचा. मार्सेलिन्यो चेंडू पायाशी घेऊन डावीकडून आत वळला की अल्फारो दोन बचावपटूंच्या मधल्या जागेत सरकायचा, आणि चेंडू नेमका तिथं यायचा. हे दर सामन्यात दिसायचं आणि तरी प्रतिस्पर्ध्याला थांबवता यायचं नाही. त्या हंगामात अल्फारोनं ९ गोल केले, मार्सेलिन्योनं ८.

२९ नोव्हेंबर २०१७ चा मुंबईविरुद्धचा सामना बालेवाडीत होता. पंधराव्या मिनिटाला बलवंत सिंगनं मुंबईला पुढं नेलं. त्यानंतर तासभर पुणे धडका मारतंय आणि मुंबईची बचावफळी चेंडू लाइनबाहेर ढकलतेय. शेवटची पंधरा-सोळा मिनिटं उरली असताना पेनल्टी मिळाली, अल्फारोनं बरोबरी साधली. बरोबरी म्हणजे एक गुण, गाडी गाठायची तर आता उठा, अशी कुजबुज सुरू झाली. कडेच्या रांगांतली माणसं जिन्याकडं सरकलीसुद्धा. भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला अल्फारोनं दुसरा घातला. जिन्यात पोहोचलेले उलटे धावत वर आले आणि गोल कुणी केला ते अनोळखी माणसांना विचारत मिठ्या मारू लागले. ऑरेंज आर्मी या आमच्या पाठीराख्यांच्या गटाचे ढोल त्यानंतर कितीतरी वेळ थांबले नाहीत. पुणे-मुंबई वैर म्हणजे काय, हे त्या रात्री ज्यानं पाहिलं त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

त्या वर्षी पुणे ३० गुणांसह चौथं आलं आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलं. समोर बेंगळुरू, साखळीत चाळीस गुण मिळवून आलेलं. ७ मार्चला बालेवाडीत ०-०. चार दिवसांनी बेंगळुरूला सुनील छेत्रीनं तिन्ही गोल केले, आपल्याकडून जोनाथन लुकाची एक फ्री किक तेवढी जाळ्यात गेली. ३-१. पाठीराख्यांत आजही वाद आहे की घरच्या सामन्यात पोपोविच जास्त सावध खेळले. माझं मत विचाराल तर हो, खेळले. घरच्या मैदानावर एक गोल घेऊन गेलो असतो तर बेंगळुरूच्या कांतिरवा मैदानावर छेत्रीला एवढी मोकळीक मिळाली नसती.

शेवटच्या हंगामाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पोर्तुगाल आडनावाचे प्रशिक्षक तीन सामन्यांत गेले, मध्ये प्रद्युम्न रेड्डींनी सांभाळलं, मग इंग्लंडचे फिल ब्राउन आले आणि घसरलेली गाडी सातव्या क्रमांकावर येऊन थांबली. मैदानाबाहेरची घसरण जास्त मोठी होती. मालकांकडचे पैसे आटले, खेळाडूंच्या थकीत पगाराच्या बातम्या येऊ लागल्या, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालं की लीगमध्ये पुण्याच्या जागी आता हैदराबाद. मार्सेलिन्यो, निखिल पुजारी, आशिष राय अशी बरीच मंडळी तिकडं गेली. पाठीराख्यांना कळलं बातमीतून.

इथं आमच्याकडच्या माणसाला एक गोष्ट खटकते, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला तेवढी खटकत नसावी. आमच्याकडं प्रत्येक हंगामाचा हिशेब मागायची सवय आहे. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, कुठलाही सहकारी कारखाना घ्या. शेजारच्यानं जास्त दर दिला आणि आपल्यानं कमी, की वार्षिक सभेत माइक ओढाओढी होते. अहवाल वाचून येणारा म्हातारा सभासद साखर उताऱ्याचे दशांश अपूर्णांक विचारून संचालकांना घाम फोडतो. २०१५ मध्ये माळेगावच्या सभासदांनी अजित पवारांचं पॅनेल त्यांच्याच तालुक्यात पाडलं आणि २०२० मध्ये पुन्हा निवडून दिलं. बरोबर केलं की चूक, तो वेगळा वाद. पण करण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता. सहकारात काय काय सडलंय ते आम्हाला शिकवायची गरज नाही. तरीही एखादा कारखाना रात्रीतून उचलून तेलंगणात नेता येत नाही.

बालेवाडीतल्या माणसाकडं तिकीट होतं, जर्सी होती, घसा होता. मत नव्हतं.

कोल्हापूरकरांचं म्हणूनच बरं आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस हे संघ तालमींचे आणि पेठांचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार सामन्याला जे वातावरण असतं ते बालेवाडीनं कधी पाहिलं नाही. हुल्लडबाजीही होते, पोलीस बंदोबस्त लागतो, सामने थांबवावे लागतात, हे सगळं खरं. पण पैसा कमी पडला तर पेठ वर्गणी काढते, आणि तालीम जिथं आहे तिथंच राहते. १७ वर्षांखालील विश्वचषकात २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

क्लब असा उचलून नेण्याचा प्रकार परदेशातही घडून गेलाय. लंडनचा विम्बल्डन क्लब २००३ मध्ये मालकांनी उचलून मिल्टन कीन्सला नेला. पाठीराख्यांनी त्याच्या आधीच, २००२ मध्ये, एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा संघ उभा केला, अगदी खालच्या पायरीपासून खेळवत २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये नेला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेनला परत आणला. क्लबची मालकी आजही पाठीराख्यांच्या ट्रस्टकडं आहे. जर्मनीत तर बहुसंख्य मतं सभासदांकडं ठेवण्याचा नियमच आहे. हे सगळं बारामती-इंदापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुण्याच्या उद्योगपतींना सांगावं लागलं असतं.

पुणे सिटी गेल्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. हैदराबादनं २०२१-२२ मध्ये लीगचा चषक जिंकला, आणि त्या चमूत पुजारी आणि आशिष राय होते. बालेवाडीत घाम गाळलेल्यांनी दुसऱ्याच्या गावी चषक उचलला. मग २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही दिल्लीला गेला. म्हणजे पुण्याचा प्रश्न पुण्यापुरता नव्हता. मुंबई सिटीनं दरम्यान २०२०-२१ मध्ये साखळी आणि चषक दोन्ही जिंकले, २०२३-२४ मध्ये आणखी एक चषक. आपल्यातले काही आता मुंबईला पाठिंबा देतात. राज्याचा एकच संघ उरलाय, म्हणतात. ज्यांना जमतं त्यांना जमो. बाकीच्यांचं वैर कबड्डीत गेलं. पुणेरी पलटण आणि यू मुंबा समोरासमोर आले की इंदापूरच्या चहाच्या टपरीवर टीव्हीचा आवाज वाढतो, आणि २०२४ च्या मार्चमध्ये पलटणनं पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा फटाकेही वाजले. पण पलटणही मालकाचीच आहे, हे तिथं बसलेल्यांनी विसरू नये.

बालेवाडी अजून जागेवर आहे, मैदान आहे. पुण्याच्या नावानं कुणीतरी पुन्हा संघ घेऊन येईलच. तेव्हा जर्सीच्या रांगेत उभं राहण्याआधी आमच्याकडच्या पोरांनी एवढं विचारावं: सभासद कधी करून घेताय, आणि वार्षिक सभा कुठल्या महिन्यात?