दुबळ्या हाताला काम हवं

लकव्याच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेतात त्या खोलीत नवख्याला बघण्यासारखं फारसं काही नसतं. धरून चालायच्या दोन समांतर दांड्या, तीन-चार लाकडी पायऱ्या, भिंतीला मोठा आरसा, भोकांत खुंट्या बसवायची पाटी, चेंडू, रबरी पट्टे. इंदूरात एमवायसारख्या सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर चोइथराम किंवा बॉम्बे हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात. सामान थोड्याफार फरकाने हेच. एवढ्याशा सामानावर तिथे एक अवघड काम चालतं. मेंदूचा एक तुकडा कायमचा गेल्यावर उरलेल्या मेंदूला जुन्या हालचाली नव्याने शिकवायच्या असतात.

लकव्यात, म्हणजेच पक्षाघातात, मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते आणि तिच्यावर जगणाऱ्या पेशी मरतात. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या वेळेत जे वाचलं ते वाचलं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरीही महिन्याभराने लुळा पाय हलू लागतो, बोटं मिटतात. याचं एक कारण म्हणजे सूज उतरते. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे: आसपासचे आणि दूरचे शाबूत भाग गेलेल्या भागाचं काम थोडंथोडं उचलतात. हा बदल पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक दिसतो, पुढे मंदावतो. पण सहा महिन्यांनी दार बंद होतं हा समज खरा नाही. मेंदू मात्र फुकटात काही शिकत नाही. जी हालचाल पुन्हापुन्हा मागितली जाते, तिचीच सोय तो करतो.

आपल्या घरांत नेमकं इथेच अडतं. लकवा झालेले बाबा रुग्णालयातून घरी आले की सगळं घर सेवेला उभं राहतं. "बाबा, राहू द्या, मी भरवते." सदऱ्याची बटणं मुलगा लावतो, केस सूनबाई विंचरतात. जे थोडंफार स्वतः करायचं ते बाबा चांगल्या हाताने उरकतात. दुबळ्या हाताला काहीच काम उरत नाही, आणि जी थोडी ताकद परत आलेली असते तीही वापरात येत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांत हे पाहिलं होतं. एका हाताची संवेदना तोडली की माकड तो हात वापरणं सोडून देई. चांगला हात बांधला की तोच 'निकामी' हात वापरू लागे. त्यातून माणसांसाठी उपचार निघाला. चांगल्या हातावर जाडजूड मोजा चढवायचा, तो जागेपणीचा बहुतेक वेळ ठेवायचा आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून रोज काही तास काम करून घ्यायचं. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली. २००६ साली तिचे निष्कर्ष आले: हाताचा वापर लक्षणीय सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. अट मात्र एक होती. मनगट आणि बोटं निदान १० अंश तरी स्वतःहून उघडायला हवीत. पूर्ण लुळ्या हातावर हा उपाय लादला तर रुग्ण फक्त वैतागतो.

अशा हातासाठी आरसा कामी येतो. मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेले विलयनूर रामचंद्रन यांनी अवयव कापलेल्या माणसांच्या आभासी वेदनेवर आरशाची पेटी वापरून पाहिली होती. १९९९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, दुबळा हात त्याच्या मागे, चांगला पुढे. चांगला हात हलवत आरशात पाहिलं की दुबळाच हलतोय असं डोळ्यांना वाटतं. पुढच्या अनेक चाचण्यांतून या स्वस्त उपायाचा माफक पण खरा फायदा दिसला आहे.

यंत्रांबद्दल उत्सुकता सगळ्यांनाच असते. हात धरून हलवणारे रोबोट आता भारतातही दिसू लागले आहेत. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ साली आला: रोबोटने व्यायाम करून हाताचं काम नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक सुधारलं नाही. रोबोट न थकता हजार वेळा हात हलवेल. पण गिलास उचलून तोंडाशी नेणं हे वेगळं काम आहे आणि ते गिलास उचलूनच येतं.

हे किती वेळा करायचं? प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला ४०० ते ६०० आवर्तनांनंतर. अमेरिका आणि कॅनडातल्या उपचारकेंद्रांत २००९ साली प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा हाताच्या कामाची आवर्तनं एका बैठकीत सरासरी ३२ भरली. उरलेला सराव दिवसभरात घरीच व्हायला हवा. शेवेच्या बरणीचं झाकण उघडणं, चमच्याने पोहे उचलणं, नळ फिरवणं, ओटल्याची एक पायरी चढून उतरणं, हेच त्याचे धडे.

अर्थात उत्साहालाही माप हवं. ५६ रुग्णालयांतल्या २१०४ रुग्णांवरच्या एका चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवून चालवलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा थोडी वाईटच निघाली. उठवताना दुबळा हात धरून ओढणं किंवा काखेत हात घालून उचलणं हीही नेहमीची चूक. त्याने सैल पडलेला खांदा निखळतो आणि दुखणं जडतं. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट लागतो. तेलाने मालिश केली तर बरं वाटतं, पण मालिश करणारा हालचाल करतो, रुग्ण नाही.

माळव्यातून कितीतरी कुटुंबं राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटी धामला रुग्णाला घेऊन जातात. तिथे सात दिवस मुक्काम आणि सकाळ-संध्याकाळ परिक्रमा असते. श्रद्धेविषयी वाद घालायचं कारण नाही. पण त्यासाठी व्यायाम थांबत असेल, गोळ्या सुटत असतील, तर सर्वांत मोलाचे आठवडे हातचे जातात.

मग सगळं घरच्यांवर सोपवलं तर? हा प्रश्न भारतातच तपासला गेला. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरातल्या एका माणसाला व्यायाम आणि उठवण्या-बसवण्याचं शिक्षण दिलं. निकाल २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, ४७ टक्के. घरच्यांची माया वाया गेली असा याचा अर्थ नाही. फिजिओथेरपिस्टचं कसब व्यायामांच्या यादीत नसतं. आज जमलेलं काम उद्या रतीभर अवघड करायचं, खांदा उचलून केलेली लबाडी पकडायची, कधी थांबायचं ते ओळखायचं, यात ते असतं. दोन-चार दिवसांच्या शिकवणीने ते सूनबाईंना कसं येणार?

म्हणून घर आणि जाणकार दोन्ही लागतात, आणि घरी परतल्यावर जाणकाराशी गाठ सुटते हीच खरी उणीव आहे. तुमच्या घरात अशी वेळ आली तर डिस्चार्जच्या कागदावर औषधांबरोबर तीन गोष्टी लिहून मागा: कोणती कामं करून घ्यायची, दिवसाला किती वेळा, आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं. आणि घरी गेल्यावर बाबांना भरवू नका. चमचा त्यांच्या दुबळ्या हातात द्या, थोडे पोहे सांडू द्या.