नवी बंदूक घेताना : ती कोरी आहे काय?

सत्तरी, सांगे, धारबांदोडा व काणकोण या डोंगराळ तालुक्यांत, त्याचप्रमाणे सीमेपलीकडील खानापूर तालुक्यात, रानडुकरे व माकडे यांच्यापासून भातशेती व बागायतीचे रक्षण करणे हा शेतकऱ्यांपुढील जुना प्रश्न आहे. या कारणासाठी परवाना मिळवून बारा बोअरची बंदूक बाळगणारे कित्येक शेतकरी या भागात आहेत. परवाना हाती पडेपर्यंत बराच काळ जातो. त्यामुळे तो मिळताच दुकानी जाऊन जी बंदूक पुढे येईल ती घाईने पसंत केली जाते, आणि नवी म्हणून घेतलेली बंदूक पूर्वी कोणी वापरलेली होती असे मागाहून लक्षात येते. हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. ज्या नळीस आतून इजा झालेली आहे ती फुटल्यास बंदूक धरणाऱ्याचा हात वा डोळा जाण्याचा संभव असतो.

बंदूक हाती घेताच प्रथम ती उघडून दोन्ही कोठ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. विक्रेत्याने ‘रिकामी आहे’ असे सांगितले तरी ती स्वतः उघडून पाहणे यात त्याचा अवमान नाही. पुढील सर्व तपासणी रिकाम्या बंदुकीवरच करावयाची असते.

सर्वांत आधी क्रमांक पाहावा. बंदूक बनविणाऱ्याचे नाव व क्रमांक हे नळीवर व मधल्या लोखंडी सांगाड्यावर कोरलेले असतात. दुनळी बंदुकीत नळीखालच्या लाकडी भागाच्या लोखंडावरही बहुधा तोच क्रमांक आढळतो. हे क्रमांक परस्परांशी व पावतीशी जुळले पाहिजेत. न जुळल्यास एका बंदुकीची नळी दुसरीस जोडली असल्याचा संशय घेण्यास जागा आहे. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील, किंवा क्रमांकाभोवतीचा पत्रा किंचित खोलगट दिसत असेल, तर तेथे कानस वा पॉलिश फिरलेले असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ८ या बाबतीत फार कडक आहे. क्रमांक खोडलेली वा बदललेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो खोडला, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. म्हणजे दोष मागील मालकाचा असला तरी तो आपला नव्हे हे दाखविण्याचा भार निरपराध खरेदीदारावर येतो. सबब, या एका बाबतीत समाधान न झाल्यास पुढील तपासणी करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

त्यानंतर नळ्या सोडवून त्या आकाशाच्या उजेडाकडे धराव्यात व आतून पाहाव्यात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक चांगली बंदूक नेहमीपेक्षा अधिक जोराच्या काडतुसांनी तपासलेली असते. म्हणून नळीत दारूचा किंचित डाग आढळला एवढ्यावरून बंदूक वापरलेली ठरत नाही. तसेच कोकणपट्टीच्या दमट हवेत दुकानात पडून राहिलेल्या कोऱ्या बंदुकीसही गंज चढू शकतो. गंज हे निष्काळजीपणाचे लक्षण आहे, वापराचे नव्हे. मात्र कोठीच्या पुढे, जेथे नळी अरुंद होत जाते तेथे, आणि तोंडाजवळच्या चोकमध्ये शिशाच्या करड्या रेघा दिसल्या, तर त्या अनेक बार झाल्याखेरीज उमटत नाहीत. पुसूनही न जाणारे बारीक खड्डे दिसल्यास दारूची घाण दीर्घकाळ तशीच राहू दिली होती असे समजावे.

नळी सावकाश फिरवीत असता आतील पृष्ठभागावर एखादी काळी कंकणाकृती सावली दिसल्यास अधिक सावध व्हावे. तेथे नळी फुगलेली असते. नळीत चिखल, चिंधी वा अन्य अडथळा असताना बार झाला म्हणजे असे होते. भिंतीला टांगून ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करून ठेवते, हा अडथळाही त्यांतलाच. फुगलेली नळी कितीही चकचकीत असो, ती घेऊ नये.

आता मागील बाजू. आघात करणारी पिन ज्या छिद्रातून बाहेर येते त्याभोवती काडतुसाच्या टोपीच्या आकाराचे वर्तुळ उमटलेले असते. कारखान्यातील परीक्षेनंतर ते अस्पष्ट असते. फार वापर झालेल्या बंदुकीत ते ठळक होते व छिद्राची कडा खड्डे पडून खडबडीत होते. पिनेचे टोक गुळगुळीत व गोलसर असावे. बिजागरीचा खिळा, खिट्टी बसते ती खाच व तिच्या कडा यांवरील निळसर झिलई नाहीशी होऊन लोखंड पांढरे चमकू लागले असेल, तर बंदूक असंख्य वेळा उघडली-मिटलेली आहे. दुनळी बंदुकीत उघडण्याची वरची चावी हा तर चांगला साक्षीदार होय. पुष्कळ कारागीर नव्या बंदुकीत ती मुद्दाम मध्यापासून थोडी उजवीकडे थांबेल अशी बसवितात, आणि झीज होत जाईल तशी ती डावीकडे सरकते. पुढचा लाकडी भाग काढून, बंदूक मिटवून, हलकेच हालवून पाहावी. नळ्या डगडगल्या वा नळी व सांगाडा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर झीज पुष्कळ झाली आहे.

स्क्रूच्या खाचा फाटल्या असल्यास बंदूक उघडली गेली आहे हे निश्चित. तसे करण्याचे कारण विचारावे. कुंद्यावरील नक्षी हाताच्या घामाने कोठे गुळगुळीत झाली आहे, सांगाड्यामागे बारीक चीर गेली आहे काय, हेही पाहावे. नव्या वार्निशाखाली जुनी चीर लपविण्याची युक्ती सर्रास आढळते. बोट फिरविले असता ती कळते.

बंदूक वापरलेली निघाली म्हणजे ती टाकाऊच, असे नाही. काळजीने राखलेली जुनी बंदूक निष्काळजीपणे बनविलेल्या नवीपेक्षा कितीतरी चांगली. मात्र तिची किंमत जुनीची असावी व पावतीवरही ‘वापरलेली’ असे लिहून घ्यावे. जुन्या इंग्रजी वा बेल्जियन बंदुकीच्या बाबतीत नळीखालील परीक्षेच्या खुणा जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. त्यांतील काही केवळ काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात, तर काहींची कोठी ६५ मिलिमीटरची असते. अशा कोठीत ७० मिलिमीटरचे काडतूस सहज बसते, परंतु बार होताना त्याचे तोंड उघडण्यास जागा नसल्यामुळे नळीतील दाब वाढतो. खाजगी परवानाधारकाकडून बंदूक घ्यावयाची असल्यास, विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखास लेखी कळविल्यावर किमान ४५ दिवस उलटल्याखेरीज व्यवहार करता येत नाही. घेणाऱ्याजवळही परवाना असावा लागतो.

परवाना हा वन्य प्राणी मारण्याची मोकळीक नव्हे. रानडुकरासही १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. खरेदी झाल्यावर बंदुकीचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्यावा, व पुढे एखादा दोष आढळल्यास ती गावच्या लोहाराकडे नेऊ नये. बंदुकीच्या दुरुस्तीलाही स्वतंत्र परवाना लागतो, आणि तो असलेल्या दुरुस्तीदाराकडूनच काम करून त्याची पावती परवान्यासोबत ठेवावी.