‘शेकडा’ कोणत्या रकमेवर?

दिवसाचा हिशेब मिटवीत असता मुले गणिताची वही घेऊन जवळ येतात, हा अनुभव आपणां बहुतेकांस असेल. वडील मंडळी उत्तर तोंडीच सांगून मोकळी होतात. रीत न कळल्यामुळे पुढचे उदाहरण पुन्हा अडते. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, मुलांची चूक गुणाकार-भागाकारात क्वचितच असते. शेकडा कोणत्या रकमेवर धरावयाचा, हे न पाहिल्यामुळे ती होते.

पहिले उदाहरण घेऊ. ८०० रुपयांस घेतलेली वस्तू १,००० रुपयांस विकली. शेकडा नफा किती? नफा २०० रुपये. शालेय गणितात तो खरेदीवर मोजतात. ८०० वर २००, तर १०० वर किती? २०० × १०० ÷ ८०० = २५. जो २० म्हणतो, त्याने नकळत विक्रीची रक्कम धरलेली असते.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. शेकडा २५ नफ्याने विकून १,५०० रुपये आले, खरेदी किती? १,५०० चे शेकडा २५ वजा करून १,१२५ हे उत्तर पुष्कळ मुले देतात. खरी मांडणी अशी: खरेदी १०० तर विक्री १२५; म्हणून विक्री १,५०० असता खरेदी १,५०० × १०० ÷ १२५ = १,२००. ताळा पाहावा: १,२०० चे शेकडा २५ म्हणजे ३००, बेरीज १,५००. हाच न्याय कराच्या पावतीसही लागतो. शेकडा १८ करासह एकूण रक्कम १,१८० असेल, तर कर १८० रुपये, २१२.४० नव्हे.

तिसरे उदाहरण दुकानदाराने विशेष ध्यानी धरावे. १,००० च्या मालावर शेकडा २५ चढवून १,२५० किंमत लावली आणि सणाला शेकडा २५ सूट दिली. चढविले तेवढेच उतरविले, असे वाटते. परंतु सूट १,२५० वर असल्यामुळे ती ३१२.५० होते; हाती ९३७.५० येतात. तोटा शेकडा सव्वासहा! मुद्दलात विकावयाचे, तर सूट शेकडा २० च देता येते.

या सर्वांच्या मुळाशी त्रैराशिकच आहे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात त्यास स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे.

म्हणून पालकांस आमची सूचना एवढीच की, मुलास उत्तर सांगू नये. ‘शंभर कोणास मानलेस?’ असे विचारावे, आणि शेवटी ताळा करावयास लावावे. वहीतील चुकीने दोन गुण जातात; तीच चूक गादीवर झाली, तर मुद्दलास हात लागतो.