मुरूडची पुळण आणि पंचांगातली तिथी

श्रोतेहो, लातूर रोडच्या किंवा नांदेडच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभे असाल, तर फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी एकदा नीट वाचा. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात हे शब्द पोरांकडून पाठ म्हणवून घेतो. पण ज्याच्यापासून ही उंची मोजली, तो समुद्र त्या वर्गातल्या बहुतेक लेकरांनी पाहिलेला नसतो. खरे सांगायचे तर पुष्कळदा गुरुजींनीही पाहिलेला नसतो.

आपली गोदावरीसुद्धा मोठी विचित्र. त्र्यंबकेश्वराला उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून अदमासे 80 किलोमीटरांवर असतो. पण त्याला पाठ करून ती पूर्वेला निघते, आणि नांदेडवरून तेलंगण, आंध्र ओलांडून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. आज आपण तिच्या उलट दिशेने जाऊ. लेकराबाळांना घेऊन चार दिवस शांतपणे राहावे असा एक किनारा तुम्हांला सांगतो.

त्या गावाचे नाव मुरूड. लातूरकर लगेच म्हणतील, मुरूड तर आमच्या बार्शी रस्त्यावर आहे! ते निराळे. दुसरे मुरूड रायगड जिल्ह्यात, जंजिरा किल्ल्याजवळचे. मी म्हणतो ते तिसरे, रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले. पत्ता विचारताना ‘दापोलीचे मुरूड’ असेच म्हणा, नाही तर भलत्याच गावी उतराल.

हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या आणि 1958 साली भारतरत्न झालेल्या अण्णांनी मुलगेपणी इथून साताऱ्यापर्यंत पायपीट केली होती, ती केवळ एका परीक्षेला बसण्यासाठी. डोंगर चढून, पाय सुजवून तिथे पोचले, तर वय लहान दिसते म्हणून त्यांना बसूच दिले नाही! साने गुरुजींचे पालगड याच तालुक्यात. तेव्हा शाळेची सहल न्यायची असेल, तर समुद्राशिवायही इथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

जायचे कसे? लातूरहून पुण्याला रेल्वेने किंवा एस.टी.ने. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, महाड, खेड करीत दापोली. रेल्वेनेच जायचे असेल तर पनवेलहून कोकण रेल्वे धरावी आणि खेडला उतरावे. तिथून दापोली सुमारे 30 किलोमीटर. दापोली डोंगरावर आहे, हवा थंड. तिथून दहा-बारा किलोमीटर वळणे घेत खाली उतरले की नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात आणि वाड्यांच्या मागे एकदम समुद्र. पुष्कळ घरांतून राहण्या-जेवण्याची सोय होते. भात, सोलकढी, मोदक मिळतील. ज्वारीची भाकरी हवी असेल तर पीठ बरोबर न्यावे आणि घरच्या बाईंना गोडीने विचारावे.

तिकडे वाळूच्या किनाऱ्याला ‘पुळण’ म्हणतात. मुरूडची पुळण लांब, सपाट आणि घट्ट आहे. ओल्या वाळूवर लहान पोर पळाले तरी पाय रुतत नाही. शेजारीच कर्द्याची पुळण, तीही तशीच. जून ते सप्टेंबर हे महिने मात्र सोडावे. पावसाळ्यात कोळीसुद्धा होड्या ओढून ठेवतात.

आता तुम्ही म्हणाल, किनारा सपाट, गाव शांत, मग लेकरे मोकळी सोडावीत की! इथेच थांबा. आजच्या भाषणाचे कारण हेच आहे.

युरोपच्या दक्षिणेला भूमध्य समुद्र आहे. त्याच्या काठी कुटुंबेच्या कुटुंबे दिवसभर पाण्यालगत बसलेली चित्रांत दिसतात. त्यांचे निभते, कारण तो समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी कोंडलेला आहे. जिब्राल्टरची वाट अरुंद, सर्वांत चिंचोळ्या जागी अवघी 14 किलोमीटर. त्यामुळे बाहेरच्या महासागराची भरती-ओहोटी आत फारशी येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी पाणी वीत-दीड वीत वरखाली होते, इतकेच. आपला अरबी समुद्र तसा नाही. मुंबईला मोठ्या उधाणात भरतीची उंची साडेचार मीटरच्याही वर जाते. रत्नागिरीकडे ती कमी असते, पण सपाट पुळणीवर पाणी थोडे चढले तरी ते कितीतरी पावले आत येते.

मी पहिल्यांदा मुले घेऊन गेलो, तेव्हा पाण्यापासून चांगली पन्नास पावले दूर चपला आणि पिशव्या ठेवून आम्ही जेवायला बसलो. हात धुवायला उठलो तर चपला तरंगत चाललेल्या! एकोणीस मुले अनवाणी परतली. पालकांची बोलणी खाल्ली, पण धडा स्वस्तात मिळाला.

हे पाणी असे का हलते? चंद्र पाण्याला ओढतो. पृथ्वीच्या चंद्राकडच्या अंगाला पाणी फुगते आणि त्याच्या विरुद्ध अंगालाही फुगते. पृथ्वी फिरते, म्हणून दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी. चंद्रही रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्याचा जोर चंद्राला मिळतो. त्या आसपासची भरती मोठी. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात, म्हणून पाण्याची हालचाल कमी. त्याला किनाऱ्यावरचे लोक भांग म्हणतात.

यावरून कोकणात एक सोपा हिशेब चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करा. तितक्या वाजता भरती पूर्ण. शुद्ध असो की वद्य, चतुर्थी आहे ना? चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला समुद्र पुरता भरलेला, आणि पहाटेही साधारण त्याच वेळी. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नवाला, पूर्ण ओहोटी. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या पंधरावी धरावी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकात किंवा तिथल्या कोळ्याला विचारून पक्की करावी. गुरुजींनो, पाऊणकीचा पाढा आजकाल कुणी पाठ करीत नाही. त्याचा असा उपयोग दाखवला तर पोरे आवडीने करतील.

पाण्यात उतरायचे ते चढत्या पाण्यात. ओहोटी लागली की बाहेर. आता पौर्णिमेची गंमत पाहा. सहल बहुधा सकाळी हिंडते, दुपारी जेवते आणि मग पाण्यात धावते. पण सव्वाअकराला भरती संपलेली. दुपारी बारा ते पाच हा उधाणाच्या ओहोटीचा काळ, पाणी आत खेचणारा. त्या दिवशी सकाळी सात ते अकरा खेळून घ्यावे आणि मग जेवायला बसावे. जेवण तासभर पुढेमागे केल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली पोरे विहिरीत आणि डोहात पोहायला शिकतात. ‘श्यामची आई’ मधला श्यामसुद्धा विहिरीतच शिकला. विहिरीत पट्टीचा पोहणारा समुद्रात धीट होतो, आणि तोच फसतो. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही, समुद्राचे हलते. लाटा पाणी सारखे काठाकडे ढकलतात. ते पाणी परत कुठून जाणार? शेतात बांधाआड पाणी साचले तर ते सगळ्या बांधावरून जात नाही. जिथे बांध फुटला असेल तिथूनच धार लावून निघते. समुद्रात पाण्याखाली वाळूचे असेच बांध असतात. त्यांच्यात खिंड पडली की परतणारे सगळे पाणी त्या खिंडीतून आत धावते. दुर्दैव असे, की वरून नेमकी तीच जागा शांत दिसते. दोन्हीकडे लाटा फुटून फेस होत असतो आणि मधला पट्टा गडद आणि गुळगुळीत. पोरांना वाटते, इथे लाटा नाहीत, इथेच उतरू!

अशा ओढीत सापडलेला माणूस काठाकडे तोंड करून जीव खाऊन हात मारतो, दमतो आणि जातो. त्याने काठाला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे. ओढीचा पट्टा अरुंद असतो. तो ओलांडला की लाटाच काठाकडे आणतात. पोहता येईनासे झाले तर नुसते तरंगावे आणि हात वर करावा. काठावरच्यांनी धाडसाने उड्या घालू नयेत. एकाला वाचवायला गेलेले दोघे बुडतात. रिकामा डबा, दोर, झाकण लावलेली प्लास्टिकची घागर, जे तरंगेल ते फेकावे, कोळी-नाखवा मंडळींना हाक मारावी आणि 112 ला फोन लावावा. जीवरक्षक काही किनाऱ्यांवर असतात, सगळीकडे नसतात.

ही भीती उगाच घालत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याजवळच्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे 14 विद्यार्थी एका दुपारी बुडाले. कॉलेजची जाणती मुले होती ती, लहान नव्हती. म्हणून तिथीचा हिशेब बरोबर आला तरी तो फक्त वेळ सांगतो, खोल जाण्याची परवानगी देत नाही. लेकरांनी गुडघ्याएवढ्या पाण्यापर्यंत, मोठ्यांनी कमरेपर्यंत. मुलांच्या जोड्या लावाव्यात, दर थोड्या वेळाने शिट्टी वाजवून मोजावीत. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. बायकांनी पदर आणि ओढणी घट्ट खोचावी. भिजलेले लुगडे पायात येते. आणि जीपगाडी पुळणीवर नेण्याची हौस आवरावी. वाळूत रुतलेली गाडी भरतीला वाट पाहायला लावत नाही.

एवढे सांभाळले की मग पुळण तुमची. पहाटे ओल्या वाळूवर चिमुकले खेकडे वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालतात. पोरे तासभर तिथून हलत नाहीत. संध्याकाळी जवळच्या हर्णै बंदरावर जावे. होड्या लागतात, वाळूवरच मासळीचा लिलाव होतो, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर आंजर्ले किंवा वेळास इथे कासवाची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला मिळू शकतात. वेळासला 2002 पासून गावकऱ्यांच्या मदतीने त्यांची अंडी राखली जातात.

एका सहलीत एका मुलाची आजी आमच्याबरोबर होती, लातूरकडची. त्याच 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. तिने त्या दिवसांत घागरी मोजल्या होत्या. समुद्रापुढे ती बराच वेळ गप्प उभी राहिली. मग ओंजळभर पाणी जिभेला लावले, थुंकले आणि म्हणाली, “एवढं पाणी, अन् घोटभर बी कामाचं न्हाई व्हय!”

गुरुजींनो, परतताना त्या पाण्याची लीटरभर बाटली बरोबर आणा. शाळेत पसरट थाळीत ओतून उन्हात ठेवा, वर पातळ फडके बांधा. आपल्याकडच्या उन्हात चार-आठ दिवसांत पाणी उडून जाते. थाळीत अदमासे 35 ग्रॅम, जुन्या मापाने तीन तोळे मीठ उरेल. ते तराजूत घाला आणि वजन पोरांनाच करू द्या. मग स्टेशनावरच्या पाटीची गोष्ट काढा. ज्या समुद्राची पातळी दिवसात चार वेळा बदलते, त्याच्यापासून उंची मोजायची तरी कशी? कुणी तरी पोरगे हे विचारीलच. उत्तर असे, की 1909 साली देशातल्या नऊ बंदरांवरच्या वर्षानुवर्षांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींची सरासरी काढून ही सपाटी ठरवली गेली. सरासरीचे गणित सोडवायला तुमच्याजवळ फळा आहेच.