गिऱ्हाईक शेजारी जाईल, ही भीती

‘वीस वर्षं धंदा करतोय, आता काय शिकायचं?’ प्रशिक्षणाचं नाव काढलं की छोट्या व्यावसायिकाकडून हमखास हेच ऐकू येतं. यात हट्टापेक्षा धास्ती जास्त. एक दिवस दुकान बंद म्हणजे तेवढी कमाई बुडाली.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने यावर तोड काढली. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये तिथे महिलांची सहकारी बँक उभी राहिली. आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण अनेक प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या. २००६ मध्ये ग्रामीण महिलांसाठी व्यवसायशाळा निघाली. पुढे ती बसमधून गावोगावी फिरू लागली, म्हणजे शिकण्यासाठी धंदा बंद ठेवून लांब जायला नको.

अशा शाळेत एकटीने नव्हे, गटात शिकायचं असतं. गटात शिकलं की खर्च वाटला जातो, हा उघड फायदा. दुसरा जरा आतला. समजा, पापड करणारी एखादी बाई डाळ, मसाला, तेल धरून भाव ठरवते; स्वतःचे चार तास मात्र हिशेबात धरतच नाही. प्रशिक्षकाने हे सांगितलं तर ती नुसती मान डोलावते. शेजारच्या लोणचेवालीने आपली मजुरी धरून भाव वाढवला आणि तरी गिऱ्हाईक टिकलं, हे कळलं की पिशवीतून वही बाहेर येते.