इंजिन वाढवावे की गाडीच बदलावी?

घर दोन खोल्यांचे, मुले मोठी झालेली. अशा वेळी गॅलरी बंद करून तिसरी खोली काढावी, की सरळ मोठी जागा घ्यावी? हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय घरांना नवा नाही. मागच्या वर्षी जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या भाच्याकडे गेलो, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या वेषात समोर आला. तिथे तो खोलीचा नव्हता, मोटारीचा होता. आणि त्यावरून नवरा-बायकोत अबोला नसला, तरी बोलणे कामापुरतेच चालले होते.

भाच्याकडे एक जुनी पोर्शे ९४४ होती. १९८२ साली बाजारात आलेले हे मॉडेल. चार सिलिंडरचे अडीच लिटरचे इंजिन, १६३ अश्वशक्ती. पोर्शेचे नाव असले, तरी ही गाडी जुळवली जाई श्टुटगार्टजवळच्या नेकारझुल्म गावी, आऊडीच्या कारखान्यात. भाच्याने ती पहिल्या काही वर्षांच्या शिलकीतून घेतली होती. ऑफिसला तो आगगाडीने जाई. गाडी फक्त रविवारची. पण जर्मनीच्या ऑटोबानवर बऱ्याच भागांत वेगाला मर्यादा नाही. तिथे एखादी साधी घरगुती डिझेल गाडी सर्रकन पुढे निघून गेली, की याचा चेहरा उतरे.

मग त्याने बेत केला : याच इंजिनाला टर्बो बसवायचा. दुसरा मार्ग म्हणजे ही विकून त्याच घराण्यातली ९४४ टर्बो घ्यायची. पहिला मार्ग स्वस्त दिसत होता. शिवाय ही गाडी हातातून जाणार नव्हती.

‘‘मामा, पैसे जातील याचं मला एवढं वाटत नाही,’’ भाचेसून म्हणाली. ‘‘पण हा आधी इंजिन करणार, मग ब्रेक, मग आणखी काहीतरी. दिवाळीनंतर घरात बाळ येणार आहे. या खर्चाचा शेवट कुठे आहे, एवढंच मला कुणीतरी सांगा.’’

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्हाला गल्लीतल्या एका निवृत्त मेकॅनिककडे मिळाले. शनिवारी सकाळी भाचा मला त्याच्याकडे घेऊन गेला. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले, हात पुसले आणि एका पुठ्ठ्यावर यादी लिहायला घेतली. यादीचा मथळा होता, ‘कारखान्याने काय काय बदलले?’

ती यादी म्हणजे या साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाळता येते आणि ताकद वाढते. ऐकायला किती सोपे! पण १९८५ साली पोर्शेने ९४४ टर्बो काढली, तेव्हा नुसता पंखा बसवून ती मंडळी थांबली नाहीत. साध्या ९४४मध्ये पिस्टन हवा-पेट्रोलाचे मिश्रण १०.६ पट दाबतो. त्यावर टर्बोचा दाब आला, तर मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून टर्बोत हा दाब ८ पटींवर आणला. पिस्टन घडीव, अधिक मजबूत घातले. धूर जिथून बाहेर पडतो, त्या वाटांना आतून सिरॅमिकचे अस्तर दिले. गाडी बंद केल्यावरही तापलेल्या टर्बोभोवती पाणी खेळत राहावे, म्हणून विजेवर चालणारा वेगळा पंप बसवला. गिअरबॉक्स भक्कम केला. आणि ब्रेकही मोठे, प्रत्येकी चार पिस्टनचे, दिले. गाडीचे वजन सुमारे १०० किलोने वाढले.

एवढ्या खटाटोपातून मिळाले काय? अश्वशक्ती १६३ वरून २२० झाली, म्हणजे सुमारे ३५ टक्के वाढ. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला ८.४ ऐवजी ६.३ सेकंद लागू लागले. कमाल वेग मात्र ताशी २२० वरून २४५, म्हणजे जेमतेम ११ टक्के वाढला. ही कंजुषी पोर्शेची नव्हे, हवेची. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा त्याच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट हवा असेल, तर ताकद आठपट लागते.

थांबण्याचा हिशेबही असाच आहे. ताशी २४५ने धावणारी गाडी थांबवताना ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती त्याच वजनाच्या, २२०ने धावणाऱ्या गाडीच्या जवळजवळ सव्वापट असते. म्हणजे ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवणे हे जिना न बांधता वरचा मजला चढवण्यासारखे. भाचेसुनेला जी धास्ती वाटत होती, ती स्वभावाची नव्हती. ती शास्त्रशुद्ध होती. इंजिनानंतर ब्रेक, ब्रेकनंतर गिअरबॉक्स हा क्रम नवऱ्याच्या हौसेतून नव्हे, गाडीच्या घडणीतूनच येतो.

कागदपत्रांचा भाग वेगळाच. जर्मनीत असा बदल तज्ज्ञाकडून तपासून घेऊन गाडीच्या कागदांत नोंदवावा लागतो. नाहीतर ती रस्त्यावर आणण्याचा परवानाच रद्द होतो आणि विम्याचीही पंचाईत होते. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘आमच्या गल्लीतला मिस्त्री करून देतो’ या भरवशावर कोणी राहू नये.

मग इंजिन वाढवणे हा निव्वळ वेडेपणाच का? तसे मुळीच नाही. ज्याला स्वतः हात काळे करण्यात आनंद आहे, ज्याच्याकडे अवजारे, जागा आणि वेळ आहे, त्याने ते जरूर करावे. मात्र तो खर्च छंदाचा आहे, बचतीचा नाही, हे स्वतःशी आणि घरात कबूल करावे. गाडी विकताना असा पैसा सहसा परत मिळत नाही. उलट जाणकार गिऱ्हाईक मूळ अवस्थेतल्या गाडीलाच जास्त मोल देते. आणि ज्याला फक्त वेग हवा आहे, त्याने वेगासाठीच घडवलेली गाडी घ्यावी. तिच्यात शंभर गोष्टींचा मेळ अगोदरच कोणीतरी घालून ठेवलेला असतो.

म्हाताऱ्याने शेवटी एकच सल्ला दिला. दोन्हींपैकी काहीही करण्याआधी आहे ती गाडी धडधाकट करा. प्रत्येक सिलिंडरमधला दाब तपासा. टायमिंग बेल्ट बदला. या इंजिनात तो तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळा कारभार आटोपतो. टायर आणि ब्रेक नवे करा. मग महिनाभर चालवा आणि तेव्हा ठरवा.

भाच्याने तसे केले. गाडी खरोखरच हलकी वाटू लागली. जी ताकद विकत घ्यायला हा निघाला होता, त्यातली थोडी त्याच्याच गाडीत देखभालीअभावी निजून होती. मला वाटले, चला, प्रश्न मिटला. एके संध्याकाळी दोघे नवरा-बायको कागद-पेन्सिल घेऊन बसले. बाळासाठी लागणारी रक्कम आधी बाजूला काढली. उरलेल्या आकड्याच्या वर एक पैसाही जायचा नाही, असे ठरले. खर्चाचा शेवट सापडला आणि घरातले बोलणे पूर्ववत झाले.

यंदा मार्चमध्ये फोन आला. बाळ मजेत होते. मूळ अवस्थेत असल्यामुळे ९४४ला चांगली किंमत आली होती आणि ठरलेल्या आकड्याची भर घालून एक जुनी, पण नीट राखलेली टर्बो दारात उभी होती.

‘‘जुनी गाडी गेली त्या दिवशी वाईट वाटलं, मामा,’’ भाचा म्हणाला. ‘‘पहिल्या कमाईची होती ती.’’

‘‘घेतली कुणी?’’

‘‘एका पोरसवद्या मुलानं. किल्ली हातात पडल्याबरोबर त्याचा पहिला प्रश्न काय असेल? ‘हिला टर्बो बसवता येईल का?’ ’’

‘‘मग तू काय सांगितलंस?’’

‘‘काही नाही. तो पुठ्ठा काढून त्याच्या हातात दिला.’’