उसातल्या बिनतारी यंत्राची ताकद किती ठेवावी?



जमिनीतला ओलावा मोजणारी बिनतारी यंत्रे ज्यांनी ठिबकच्या प्लॉटात बसविली, त्यांची एक तक्रार आमच्याकडे वारंवार येते. लागणीनंतर चार-पाच महिने आकडे व्यवस्थित येतात; ऊस डोक्यावर गेला की यंत्र मुके! मग पाण्याची पाळी पुन्हा अंदाजावर. यंत्र बहुधा बिघडलेले नसते. हिरव्या पानात पाणीच जास्त, आणि ते रेडिओलहरी शोषून घेते. पाऊस पडल्यावर तर विचारूच नका.

‘पॉवर फुल करून टाका’ हा सल्ला आम्हांस पटत नाही. लोरा पद्धतीच्या एका नेहमीच्या चिपचे पाहा. 20 मिलिवॅट ताकद सोडताना ती सुमारे 29 मिलिअँपिअर वीज ओढते, 100 मिलिवॅट सोडताना सुमारे 120. म्हणजे सेलवर चौपट भार. आणि पल्ला मोकळ्या रानातसुद्धा सव्वादोन पटच वाढणार, दाट उसात तेवढाही नाही. अडसाली ऊस 16 ते 18 महिने उभा. मध्येच सेल संपला तर पात्याने अंग कापून घेत आत शिरणार कोण? तेव्हा आधी एरियल बांबूवर उसाच्या वर न्यावे, ताकदीचे नंतर बघावे.

ही ताकद आपोआपही कमीजास्त होते. मोटरघरावरच्या संग्राहकाकडे संदेश किती जोरात पोचला ते पाहून मुख्य यंत्रणा ‘दोन डेसिबल उतर’ असा हुकूम सोडते आणि शेतातले यंत्र तो मानल्याचे कळविते. 3 डेसिबल उतरले की ताकद निम्मी, हे ध्यानात असू द्या.

खरी गोम आहे ती कळविण्यात. समजा, संदेश कालच्यापेक्षा 6 डेसिबलने क्षीण आला. यंत्राने स्वतः ताकद उतरवली, की एरियल आडवे झाले? ओलाव्याच्या आकड्याबरोबर ताकदीचाही आकडा आला तरच हे बांधावर बसून सांगता येते. ताकद 6 ने उतरलेली दिसली तर काळजी नको. तीच कायम असेल तर प्लॉटात जावे. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्यास हे आवर्जून विचारा.

एक मात्र आहे. यंत्र कळविते ती त्याला लावून दिलेली ताकद, एरियलमधून बाहेर पडलेली नव्हे. उंदराने वायर कुरतडली तरी ते बापडे ‘14 डेसिबल’च सांगत राहते.